धर्मग्राम आणि मतदार नोंदणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसई, पालघर, मुंबई आणि गोव्याच्या धर्मग्रामांमधून (एका चर्चच्या हद्दीतला कॅथलिक समाज म्हणजे धर्मग्राम) निवडणूक जवळ आली की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक जण फार उशिरा विचारतात. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. चर्चने मतदानाच्या कामात पडावंच का?

कॅथलिक श्रद्धाग्रंथाच्या २२४० व्या परिच्छेदात कर भरणं, मतदान करणं आणि देशाचं रक्षण करणं ही नैतिक कर्तव्यं म्हणून एकत्र सांगितली आहेत. पण खरं कारण याहून साधं आहे. वस्तीत कोण नवीन राहायला आलं, कुणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलं आहे, कोणती मुलगी कुणाच्या घरी कामाला राहते, हे धर्मग्रामाइतकं नेमकं कुठल्याच कार्यालयाला ठाऊक नसतं. यादीतून नेमकी हीच माणसं सुटतात. नाव यादीत आणायचं आणि माणूस मतदान केंद्रापर्यंत पोहोचेल असं बघायचं, इथे धर्मग्रामाचं काम संपतं. यंत्रावर कोणतं बटण दाबायचं हा त्या माणसाचा आणि त्याच्या विवेकाचा प्रश्न.

२. नोंदणीचं टेबल फक्त आपल्या लोकांसाठी ठेवायचं का?

नाही, जो येईल त्याच्यासाठी. अर्जात धर्माचा किंवा जातीचा रकानाच नाही, मग टेबलावर तो का असावा? फाटकाबाहेरचा भाजीवाला, वॉचमन, शेजारच्या चाळीतलं कुटुंब, सगळ्यांचे अर्ज घ्या. फक्त कॅथलिकांसाठी टेबल लावलं तर गठ्ठा मतांचा संशय येतो, आणि तो खोडून काढायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

३. फादर प्रवचनात काय बोलू शकतात आणि काय नाही?

मतदान करा, यादीत नाव तपासा, पैसे घेऊन मत विकू नका, गरिबाचा विचार करून मत द्या, एवढं निर्धास्त बोलावं. पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव घेऊ नये, आडवळणानेही नाही. ‘आपला माणूस’ म्हटलं की समजणाऱ्याला समजतं.

त्यामागे कायद्याच्या तीन तरतुदी आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने २ जानेवारी २०१७ रोजी स्पष्ट केलं की यात उमेदवाराइतकाच मतदाराचाही धर्म येतो. कलम १२३(२) मध्ये तर देवाच्या कोपाची किंवा धार्मिक शिक्षेची भीती घालण्याचा वेगळा उल्लेख आहे. ‘अमक्याला मत दिलं तर पाप लागेल’ हे वाक्य थेट तिथे बसतं. उमेदवाराच्या संमतीने असं झालं तर त्याची निवड रद्द होऊ शकते. तिसरी तरतूद धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या १९८८ च्या कायद्यातली: राजकीय कामासाठी चर्चची जागा किंवा पैसा वापरला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सभागृह आणि आवारही त्यातून सुटत नाही.

शिवाय चर्चचा स्वतःचा कायदा आहे. कॅनन २८५ प्रमाणे धर्मगुरूंनी सत्तेचं पद घ्यायचं नाही आणि कॅनन २८७ प्रमाणे पक्षात सक्रिय व्हायचं नाही.

४. उमेदवार सणाच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) आला तर?

येऊ द्या, बाकावर बसू द्या. वेदीवरून नाव घेऊन स्वागत, शाल, माईक यातलं काही करू नका. आवारात पत्रकं वाटली जात असतील तर तिथल्या तिथे थांबवा. सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलावून प्रश्नोत्तरं घ्यायची असतील तर चर्चचं आवार सोडून बाहेरची जागा घ्या आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी काढा.

५. नाव कोण नोंदवू शकतं आणि कधी?

भारतीय नागरिक, वय १८ पूर्ण, आणि त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा. वय मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, म्हणून अकरावी-बारावीच्या युवा गटापासून सुरुवात करावी.

यादी वर्षभर दुरुस्त होत असते, पण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी नवं नाव चढत नाही. हरकतींसाठी सात दिवस जातात, बीएलओची (मतदान केंद्र पातळीवरच्या अधिकाऱ्याची) घरभेट वेगळी. त्या तारखेच्या दहा दिवस आधी आलेला अर्जही काठावरचाच समजा. म्हणून आचारसंहिता लागल्यावर टेबल लावू नका, चार-सहा महिने आधी लावा.

पहिल्यांदा नाव घालायचं तर फॉर्म ६. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं किंवा अपंगत्वाची नोंद करायची आहे तर फॉर्म ८. नाव काढायला फॉर्म ७. आधी कुठेतरी यादीत नाव असताना नव्याने फॉर्म ६ भरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. त्या फॉर्मवर ‘माझं नाव दुसरीकडे नाही’ असं घोषणापत्र असतं आणि खोट्या घोषणेला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. फॉर्म ८ ने जुन्या ठिकाणचं नाव निघतं आणि एपिक नंबर (वोटर कार्डावरचा क्रमांक) तोच राहतो.

६. भाड्याच्या खोलीत राहतो, करारनामा नाही, वीजबिल मालकाच्या नावावर. काय जोडू?

पत्त्यासाठी चालणारे कागद असे: वर्षभर जुनं पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, जमिनीचा महसुली उतारा, नोंदणीकृत भाडेकरार, नोंदणीकृत खरेदीखत. बिल किंवा उतारा आई, वडील, नवरा, बायको अशा जवळच्या नातेवाइकाच्या नावावर असला तरी चालतो, घरमालकाच्या नावावरचं चालत नाही.

यातलं काहीच नसेल तर पोस्टात बचत खातं उघडणं हा सोपा रस्ता. ५०० रुपये लागतात आणि सध्याच्या पत्त्याचं पासबुक मिळतं. तेही जमत नसेल तर दुसरा कुठलाही कागद जोडून अर्ज करा. अशा वेळी बीएलओला प्रत्यक्ष येऊन पडताळणी करावी लागते. इथेच खरी गोची होते: बीएलओ दुपारी येतो, खोलीला कुलूप असतं, आणि ‘आढळून आले नाही’ असा शेरा पडतो. अर्जावर सतत लागणारा फोन नंबर द्या, शेजाऱ्याला सांगून ठेवा, आणि बीएलओला फोन करून संध्याकाळची किंवा रविवारची वेळ मागून घ्या. बीएलओचं नाव आणि नंबर निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर मिळतो, नाहीतर १९५० वर फोन करा.

आधार नाही म्हणून फॉर्म ६ नाकारता येत नाही. ‘माझ्याकडे आधार नाही’ असा पर्याय त्या फॉर्मवरच छापलेला आहे.

७. बाप्तिस्म्याचा दाखला वयाचा पुरावा म्हणून चालतो का?

ठरलेल्या यादीत तो नाही. तिथे जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, दहावी किंवा बारावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट आहे. पण दाखला अगदीच निरुपयोगी नाही. शाळा न शिकलेल्या माणसाकडे दुसरा कागद नसेल तर ‘इतर कागद’ म्हणून तो जोडता येतो, पुढे पडताळणी होते. धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवहीतून जन्मतारीख आणि आईवडिलांची पूर्ण नावं काढून देणं हीसुद्धा मोठी मदत असते.

८. झारखंड-ओडिशाच्या मुली इथे घरकाम करतात, रविवारी हिंदी मिस्साला येतात. त्यांनी नाव गावी ठेवावं की मुंबईत आणावं?

हे त्यांनीच ठरवायचं, आपण दोन्ही बाजू समजावून सांगायच्या. बाराही महिने इथे राहणाऱ्या मुलीचा सर्वसाधारण रहिवास इथला आहे, मालकाच्या घरात राहत असली तरी. घर स्वतःच्या मालकीचं असण्याची कायद्यात अट नाही. तिला फॉर्म ८ भरून नाव इथे आणता येईल, आणि मग इथलं पाणी, इथलं रेशन, इथला नगरसेवक यांच्याशी तिचा संबंध जुळेल. पण पंचायतीची निवडणूक, जमिनीचा वाद, ग्रामसभा यासाठी तिला गावाकडचं नाव हवं असेल आणि ती मतदानाला जाणार असेल तर ते तसंच राहू द्यावं. दोन्हीकडे नाव चालत नाही.

इथे आणायचं ठरलं तर अडचण पत्त्याच्या कागदाची. मालकीणबाई बऱ्याचदा घाबरतात: ‘हिने माझा पत्ता लावला तर उद्या घरावर हक्क सांगेल.’ असं होत नाही. १९५० च्या कायद्याचं कलम २० सांगतं की घर मालकीचं आहे एवढ्यावरून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि यादीत नाव आलं म्हणून घरावर कसलाही हक्क येत नाही. हे टेबलावरून न सांगता फादरनी किंवा सिस्टरनी स्वतः त्या घरी जाऊन सांगितलं तर जास्त पटतं. बहुतेक वेळा ती मालकीणही आपल्याच चर्चला येत असते.

९. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं काय? मतदानाच्या वेळी ते पाड्यावर नसतातच.

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारकडची कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती, म्हणजे नेमकी माणसं निघून गेल्यावर. लोकसभेला पालघरचं मतदान २० मे रोजी होतं, तेव्हाही बरेच जण परतलेले नव्हते.

यांचं नाव भट्टीच्या पत्त्यावर हलवू नका. तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही, हे कलम २० मध्येच आहे. भट्टीवर नाव नेलं तर पुढच्या वर्षी भट्टी दुसरीकडे गेलेली असते आणि माणूस दोन्ही याद्यांतून जातो.

करायचं ते असं. निघण्याआधी, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, पाड्यावर जाऊन सगळ्यांची नावं यादीत तपासा आणि एपिक नंबर, भाग क्रमांक, अनुक्रमांक कागदावर लिहून द्या. कोण कुठल्या भट्टीवर गेलं याची नोंद ठेवा. भट्टी ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत येते तिथे ही यादी पोहोचवा, म्हणजे तिथले लोक आठवडाभर आधी जाऊन मतदानाची तारीख सांगतील आणि सुट्टीचं बोलतील (प्रश्न १०). एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हा खरा अडथळा असतो, तो पोस्टर लावून दूर होत नाही. कोणत्याही उमेदवाराची गाडी यासाठी घेऊ नका: मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी उमेदवाराने गाडी भाड्याने घेणं हाही भ्रष्ट आचार आहे.

१०. मालक सुट्टी देत नाही. कायदा काय म्हणतो?

१९५१ च्या कायद्याचं कलम १३५ब: धंदा, व्यापार, कारखाना किंवा इतर आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी. रोजंदारीवाल्यालाही. मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंतच असल्यामुळे धाक फारसा नाही, पण कलम दाखवलं की भट्टीमालक अर्धा दिवस तरी सोडतो. ज्या कामात गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल तिथे सूट आहे.

घरकामगारांना हे कलम सहज लागू करता येत नाही. त्यांच्यासाठी मतदानाआधीच्या दोन रविवारी मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये एक वाक्य घालावं: ‘आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईला त्या दिवशी पगार न कापता सुट्टी द्या.’ मालकीण आणि मोलकरीण दोघींनी ते एकाच वेळी ऐकलं की मागणाऱ्याला तोंड उघडायला बळ येतं.

११. फुटपाथवर किंवा पुलाखाली राहणाऱ्याला मतदार होता येतं?

होय, कागदाशिवाय. तो जिथे झोपतो ती जागा अर्जात लिहायची. बीएलओने रात्री, एकाहून अधिक वेळा, तिथे जाऊन खात्री करायची असते. खात्री पटली की पत्त्याचा पुरावा मागता येत नाही. रात्रीचं जेवण वाटणाऱ्या गटांनी बीएलओसोबत जावं, कारण झोपलेल्या माणसाला अनोळखी कुणी उठवलं तर तो निघून जातो.

१२. टेबल कसं लावायचं?

सलग तीन रविवार, प्रत्येक मिस्सानंतर. पहिल्या टेबलावर फक्त शोध: एपिक नंबर टाकून नाव आहे की नाही. नाव सापडलं की चिठ्ठीवर भाग आणि अनुक्रमांक लिहून दिला, काम झालं. दुसऱ्या टेबलावर अर्ज. पांढऱ्या पार्श्वभूमीचा ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा फोटो लागतो. अंधारात काढलेला सेल्फी परत येतो, म्हणून भिंतीवर पांढरी चादर लावून तिथेच फोटो काढा.

एका ऑनलाइन अर्जाला वीस मिनिटं धरा, म्हणजे एक कार्यकर्ता तीन तासांत नऊ अर्ज करतो. त्या हिशेबाने माणसं बसवा. मोबाइल नंबर अर्जदाराचाच टाका, कार्यकर्त्याचा नको. सगळे संदेश त्यावरच येतात. मिळालेला संदर्भ क्रमांक वहीत आणि अर्जदाराच्या हातातल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे लिहा. आधारच्या झेरॉक्स ठेवून घेऊ नका.

कागदी फॉर्मांचा गठ्ठा करून एकाच माणसाने कार्यालयात नेऊ नये. असे एकगठ्ठा अर्ज स्वीकारले जात नाहीत, आणि महिन्याची मेहनत खिडकीवरून परत येते.

१३. आडनाव यादीत सापडत नाही. डिसोझा, डीसूझा, डिसोजा, काय टाकू?

आधी एपिक नंबरने शोधा. तो नसेल तर आडनाव सोडून फक्त पहिलं नाव आणि वडिलांचं नाव. घोन्साल्विस, फुर्ट्याडो, मच्याडो, लोपीस ही आडनावं टंकणाऱ्याने ऐकली तशी लिहिलेली असतात. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शोधा, कारण चूक बहुतेकदा एकातच असते. शुद्धलेखनाची बारीक चूक असेल आणि माणूस तोच आहे हे पटत असेल तर मतदान नाकारता येत नाही, तरी फॉर्म ८ भरून दुरुस्त करून टाका. लग्न झालेल्या मुलींनी नाव आणि पत्ता दोन्ही बदलायचे असतात. लग्नपूर्व वर्गात ही सूचना एकदा दिली की पुढचा त्रास वाचतो.

१४. सिस्टर, फादर आणि वसतिगृहातली मुलं कुठे नाव नोंदवतात?

ज्या मठात किंवा धर्मगुरू निवासात राहतात तिथे. दर बदलीनंतर फॉर्म ८. नातेवाइकाच्या रकान्यात वडिलांचं नाव जातं, मदर सुपिरियरचं नाही. व्रतानंतर घेतलेलं नाव कागदपत्रांवर नसेल तर कागदावरचंच नाव लिहा. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना आईवडिलांच्या घरी किंवा वसतिगृहात, कुठेही एकाच ठिकाणी नोंदवता येतं. वसतिगृहात नोंदवायचं तर संस्थाप्रमुखाचं पत्र लागतं.

१५. अर्ज नाकारला, किंवा जुनं नावच कापलं. पुढे काय?

आधी कारण लेखी मागा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथे नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. नाव कापण्याआधी नोटीस मिळायला हवी. नोटीस जुन्या पत्त्यावर गेलेली असते हे बहुतेक तक्रारींचं मूळ. गोव्यात ४ नोव्हेंबर २०२५ पासून यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि २००२ च्या जुन्या यादीशी नाव जोडून दाखवायची वेळ आली. आईवडिलांचं त्या काळच्या यादीतलं पान प्रत्येकाने घरात जपून ठेवावं, महाराष्ट्रातल्यांनीही.

१६. महापालिकेला वेगळं नाव नोंदवावं लागतं का?

नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादीच ठरावीक तारखेची घेऊन प्रभागांत विभागतो. महाराष्ट्रात मागच्या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली. त्यानंतर चढलेली नावं त्यात नव्हती. नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर प्रारूप यादीवर हरकत घ्या, तिची मुदत थोडी असते.

१७. मतदानाच्या दिवशी कोणता कागद न्यायचा?

वोटर कार्ड. ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटोसह पासबुक, मनरेगा जॉब कार्ड, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड असे पर्याय आहेत. रेशनकार्ड त्या यादीत नाही. नुसती मतदार चिठ्ठीही २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. उलट, कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ‘प्रदत्त मत’ मागा, मतपत्रिकेवर मत नोंदवून घेतलं जातं.

१८. आजारी आणि वृद्धांना घरून मत देता येतं का? सिस्टर त्यांना घेऊन जाऊ शकतात का?

८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म १२डी द्यावा लागतो. पाच दिवस फार कमी आहेत. आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेणाऱ्यांकडे नावं आणि पत्ते तयार असतात. त्यांच्याच हाती हे काम द्या, अधिसूचनेआधीच फॉर्म भरून ठेवा.

केंद्रावर जाणाऱ्या अंध किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरील सोबती आत नेता येतो, पण एक सोबती त्या दिवशी एकाच मतदारासाठी. वृद्धाश्रमातली एक सिस्टर आठ आजींना घेऊन गेली तर पहिलीनंतर तिला थांबवतात. आठ आजी, आठ सोबती, असाच हिशेब करा.

१९. आदिवासी ख्रिस्ती आहे. नाव नोंदवल्यावर जातीचा दाखला जाईल, असं सांगतात.

खोटं आहे. यादीत धर्म लिहिलाच जात नाही (प्रश्न २). आजच्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती झाल्याने अनुसूचित जमातीचा दर्जाही जात नाही. अनुसूचित जातींचं वेगळं आहे: १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस राखीव जागेवर उभा राहू शकत नाही. मत मात्र तो आपल्या मतदारसंघात देऊ शकतो, मतदारसंघ राखीव असो वा नसो.

२०. गोव्यात घरच्यांनी पोर्तुगीज कागद केले आहेत. मत द्यावं का?

पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. मत देऊ नका, फॉर्म ७ भरून स्वतः नाव काढून घ्या. ओसीआय कार्डानेही (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या) मताधिकार मिळत नाही. लिस्बनला फक्त जन्मनोंद केली आहे, पासपोर्ट नाही, अशांनी टेबलावरच्या कार्यकर्त्याच्या सल्ल्यावर विसंबू नये. वकिलाला कागद दाखवून मगच ठरवावं.

२१. आखातात किंवा अमेरिकेत असलेल्यांनी काय करावं?

भारतीय पासपोर्ट असेल आणि दुसरं नागरिकत्व घेतलं नसेल तर फॉर्म ६अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं. मतदानाला मात्र स्वतः यावं लागतं आणि मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो.

अमेरिकेत एक मोठा धोका आहे. तिथल्या पॅरिशमध्येही मिस्सानंतर नोंदणीची टेबलं लागतात, आणि स्वयंसेवक प्रेमाने प्रत्येकापुढे अर्ज सरकवतो. ग्रीन कार्डवाल्याने तो भरू नये. नागरिक नसताना राष्ट्रीय निवडणुकीत मत देणं तिथे गुन्हा आहे, आणि नुसती नोंदणीही पुढे नागरिकत्वाच्या अर्जात विचारली जाते. अशा चुकीवरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. आधीच सही झाली असेल तर मत देऊ नका, आणि नाव काढायचा अर्ज करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला भेटा.